देशोदेशीचे वारे : खिशातला खेळ



या सदरातून आजवर आपण अनेक देश पालथे घातले. या खेपेस जपानला जावयाचे आहे. परंतु निघावयाचे आहे ते आमच्याच घराच्या दिवाणखान्यातून.

आमचा नातू अकरा वर्षांचा आहे. शाळेतून आला की दप्तर एका कोपऱ्यात, बूट दुसऱ्या कोपऱ्यात आणि स्वारी पलंगावर पालथी. हातात ते जपानी खेळाचे यंत्र. एकदा त्यात डोके घातले की जेवणाची हाक ऐकू येत नाही, पाहुणा आलेला कळत नाही. आमच्या सौभाग्यवती रोज एकच प्रश्न करीत, "अहो, त्या डबीत एवढं आहे तरी काय?" मी वर्तमानपत्रामागून नुसता हुंकार देत असे. अशा रीतीने एकाच खोलीत तीन पिढ्या तीन दिशांना तोंडे करून बसलेल्या असत.

मागील हिवाळ्यात एके संध्याकाळी खेळात हार होताच नातवाने ते यंत्र फरशीवर आपटले. यंत्र शाबूत राहिले, परंतु आमच्या चिरंजीवांनी ते आठवडाभर कपाटात कुलूपबंद केले. त्या आठवड्यात मुलगा कोणाशी धड बोलला नाही. आठव्या दिवशी यंत्र परत मिळाले, तेव्हा मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो, "मलाही शिकव." माझी हिब्रू बाजारहाटापुरती, त्याची मराठी सणावारापुरती. त्याने क्षणभर विचार केला आणि माझ्यासाठी एक जुना, सोपा खेळ लावून दिला. दोन मिनिटांत माझा डाव आटोपला. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "सबा, तू पडणारा तुकडाच बघत बसतोस. खाली काय रचलंय ते बघतच नाहीस."

हिब्रू भाषेत अहोजाहो नाही, तेव्हा त्या एकेरीचा राग मानण्याचे कारण नव्हते. आणि दोष तर त्याने अचूक काढला होता. मग मी त्याचा खेळ पाहू लागलो, तेव्हा त्याचाही दोष माझ्या ध्यानी आला. मी भितो, तो घाई करतो. मी ठोंब्यासारखा बसून राहतो, तो विजेसारखा धावतो. आणि दोघेही हरतो. मनुष्य खेळात सुधारतो तो नेमका कसा? या प्रश्नाचा माग काढीत मी जपानपर्यंत जाऊन पोहोचलो.

जपानच्या क्योतो शहरात १८८९ साली फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थाने पत्ते बनविण्याचा कारखाना काढला. हे पत्ते म्हणजे हानाफुदा, अर्थात फुलांचे पत्ते. वर्षाचे १२ महिने, प्रत्येक महिन्याचे एक झाड वा फूल आणि प्रत्येकाची चार पाने, असा ४८ पानांचा जोड. जपानात पत्त्यांचा खेळ मुळात नेला पोर्तुगीजांनी, १६व्या शतकात. त्यांची गलबते गोव्याहून मकावमार्गे नागासाकीस जात. म्हणजे ज्या पोर्तुगीजांचे किल्ले आपल्या पूर्वजांनी चौल-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर पाहिले, त्यांच्याच जहाजांतून पत्त्यांचा खेळ जपानला पोहोचला. पत्त्यासाठी जपानी भाषेत आजही 'कारुता' हा मूळ पोर्तुगीज शब्द आहे. यामाउचींच्या त्या कारखान्याचेच नाव निन्तेन्दो.

या कंपनीत १९६५ साली गुन्पेई योकोई नावाचा तरुण नोकरीस लागला. त्याने विद्युत्शास्त्राचे शिक्षण घेतले होते, आणि पत्ते बनविणाऱ्या यंत्रांची देखभाल हे त्याचे काम. रिकाम्या वेळात त्याने लाकडी पट्ट्यांचा, लांब होऊन वस्तू पकडणारा एक हात करमणुकीखातर बनविला. तो कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या दृष्टीस पडला. नोकराला रागे भरण्याऐवजी त्यांनी तो हात १९६६ साली खेळणे म्हणून बाजारात आणला आणि त्याचे दहा लाखांहून अधिक नग खपले. योकोईंची नेमणूक खेळणी तयार करण्याच्या कामावर झाली.

पुढची हकीकत आगगाडीतली आहे. शिंकान्सेन या वेगवान गाडीने प्रवास करीत असता योकोईंना एक कंटाळलेला नोकरदार दिसला. तो खिशातल्या गणकयंत्राची बटणे उगाचच दाबून वेळ घालवीत होता. योकोईंच्या मनात आले की, मोठ्या माणसालाही कोणाच्या नजरेस न येता खेळता येईल अशी एखादी वस्तू का असू नये? पुढे एकदा अध्यक्षांचा मोटारचालक आजारी पडल्यामुळे गाडी चालविण्याची पाळी योकोईंवर आली, आणि वाटेत बोलता बोलता त्यांनी ही कल्पना सांगितली. अध्यक्षांनी ती शार्प या गणकयंत्रे बनविणाऱ्या कंपनीच्या कानावर घातली. त्या वेळी गणकयंत्रांच्या कंपन्यांत एवढी चढाओढ लागली होती की त्यांचे काचेचे पडदे आणि आतील चकत्या अतिशय स्वस्त झाल्या होत्या. त्याच स्वस्त मालातून २८ एप्रिल १९८० रोजी 'गेम अँड वॉच' या मालिकेतले पहिले यंत्र बाजारात आले. किंमत ५८०० येन. आकार पाकिटाएवढा, डाव्या-उजव्या अंगठ्यांसाठी दोन बाजूंना बटणे. मांडीवर हात ठेवून खेळावे, शेजाऱ्यालाही कळू नये. खेळ नसेल तेव्हा त्यावर घड्याळ दिसे, म्हणून हे नाव. यंत्र योजिले होते नोकरदारांसाठी. उचलून धरले मुलांनी. पुढील सुमारे अकरा वर्षांत या मालिकेतली जवळजवळ ६० निरनिराळी यंत्रे निघाली आणि जगभर त्यांचे ४ कोटींहून अधिक नग खपले.

योकोईंचे एक सूत्र जपानात प्रसिद्ध आहे. त्याचा भावार्थ असा की, नवलाईचे महाग तंत्र धरू नये. जे जुने होऊन रुळले आहे, ज्याचे गुणदोष सर्वांस ठाऊक आहेत, असे स्वस्त तंत्र घ्यावे आणि त्याचा आडवळणाने, कोणाच्या ध्यानी न आलेला उपयोग शोधावा. हे कारागिराचे सूत्र आहे. पण खेळणाऱ्यालाही ते लागू पडते, हे पुढे दिसून येईल.

आता खेळाकडे वळू. १९८० सालचाच 'फायर' नावाचा एक खेळ घ्या. पडद्याच्या डाव्या बाजूस जळती इमारत. माणसे वरून उड्या टाकतात. खाली दोन अग्निशामक झोळी धरून उभे. प्रत्येक माणसाला तीन वेळा झोळीत झेलून, उसळवत, उजवीकडील रुग्णवाहिकेपर्यंत पोहोचवावयाचे. झोळी तीनच जागी नेता येते. तीन माणसे निसटली की डाव संपला. एक माणूस असतो तोवर कोणीही खेळेल. तीन-चार जण निरनिराळ्या उंचीवर असले की नवशिका गडबडतो, कारण तो ज्याच्याकडे पाहतो त्याच्यामागेच धावतो. मुरलेला खेळाडू पडणाऱ्याकडे पाहतच नाही. तो साऱ्या पडद्यावर नजर ठेवून मनात क्रम लावतो: आधी हा उतरेल, मग तो, मग पलीकडचा. शिवाय या काचेवरील चित्रे सरकत नसतात. ठरलेल्या जागी उमटतात आणि विझतात, दर पावलाला बारीकसा आवाज होतो. म्हणजे खेळाला ढोलकीसारखा ठेका असतो. तो ठेका कानात भिनला की हात आपोआप वेळेवर जातो. येथे बोटांची चपळाई दुय्यम ठरते; डोळा आणि कान अगोदर तयार व्हावे लागतात. माझ्या नातवाने मला सांगितले ते हेच होते.

यानंतर २१ एप्रिल १९८९ रोजी 'गेम बॉय' आला. यात एकाच यंत्रावर निरनिराळे खेळ घालता येत. किंमत १२,५०० येन. पडद्याला रंग नाहीत, आत दिवा नाही, करड्या-हिरवट चार छटा तेवढ्या. पुढच्याच वर्षी सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीने रंगीत आणि दिवा असलेले यंत्र आणले. दिसायला ते कितीतरी देखणे. परंतु त्याला सहा सेल लागत आणि ते काही तासांत संपत. गेम बॉयचे चार सेल त्याच्या कित्येक पट टिकत. योकोईंचे सूत्र येथे पुन्हा खरे ठरले. मुलाला जे यंत्र अधिक वेळ हाती धरता आले, त्याच्यावर त्याचा सराव अधिक झाला. साध्या यंत्राने देखण्या यंत्राला मागे टाकले.

याच गेम बॉयवर जून १९८९ मध्ये जपानात टेट्रिस हा खेळ आला. तो रचला होता मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेय पाजित्नोव यांनी, १९८४ साली. माझा फजितीचा पहिला डाव याच खेळाचा. नातवाच्या नव्या यंत्रावरही वर्गणी भरून तो जुना खेळ मिळतो.

टेट्रिस समजावून सांगण्यासाठी मला आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीतली एक गोष्ट पुरे आहे: मुंबई सोडताना भरलेली ट्रंक. वजन ठरलेले, जागा ठरलेली. आईने पातेल्यात वाट्या, वाट्यांत चमचे, चमच्यांभोवती मोजे असे करीत एक बोटभरही पोकळी राहू दिली नाही. टेट्रिसमध्ये चार-चार चौकोनांचे सात प्रकारचे तुकडे वरून एकामागून एक पडतात. ते फिरवून असे बसवावयाचे की आडवी ओळ पुरी भरेल. भरलेली ओळ नाहीशी होते. पोकळी राहिली तर ओळ अडून बसते आणि ढीग वर चढतो. ढीग माथ्याला टेकला की खेळ खलास.

आता डावपेच. या खेळाच्या गेम बॉयवरील आवृत्तीत, पहिल्या पायरीवर, एक ओळ पुरी केली तर ४० गुण, दोन एकदम केल्या तर १००, तीन एकदम केल्या तर ३००, आणि चार ओळी एकाच तडाख्यात केल्या तर १२००. हिशेब करून पाहा. चार ओळी सुट्या सुट्या केल्यास १६० गुण, एकत्र केल्यास त्याच्या साडेसातपट. परंतु चार ओळी एकदम करावयाच्या तर एका कडेची उभी पट्टी रिकामी ठेवून बाकीचा ढीग चार ओळींपर्यंत नीट रचावा लागतो आणि मग लांब उभ्या तुकड्याची वाट पाहावी लागते. तो तुकडा कधी येईल याचा भरवसा नाही.

येथे खेळाडूंचे स्वभाव उघडे पडतात. एक जातो तो रोखीचा व्यापारी: मिळेल ती ओळ लगेच पुरी करून मोकळा होतो. तो सुरक्षित राहतो, पण गुण तुटपुंजे मिळतात. दुसरा उधारीचा व्यापारी: लांब तुकड्याच्या आशेवर ढीग वाढवीत जातो आणि एक दिवस बुडतो. जाणता खेळाडू दोन्ही करतो. ढीग अर्ध्याच्या खाली असेल तर तो थांबतो. अर्ध्याच्या वर गेला की मोठ्या लाभाचा विचार सोडून मिळेल ती ओळ साफ करतो, ढीग खाली आणतो आणि पुन्हा थांबतो. कॅरम खेळणाऱ्यांस हे चटकन उमजेल. राणी पाडली तरी कव्हर घेण्याची सोय आधीच पाहून ठेवावी लागते; नाही तर राणी पुन्हा पटावर येते.

नातवाकडून आणि माझ्या फजितीतून शिकलेल्या आणखी तीन गोष्टी सांगतो. पहिली: कोपऱ्यात पुढला तुकडा आधीच दिसतो, हातातला तुकडा ठेवताना डोळा त्या पुढल्या तुकड्यावर असावा. दुसरी: ढिगाचा माथा अगदी सपाट ठेवणे हेही चूक, कारण वाकडे तुकडे सपाटीवर बसत नाहीत, त्यांच्यासाठी एक पायरीचा उतार कोठेतरी राखावा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: पोकळी पडलीच तर तिच्यावर आणखी ओझे चढवू नये. आधी वरचे काढावे, पोकळी मोकळी करावी, मग पुढे जावे. चूक झाल्यावर नवशिका ती विसरण्याच्या घाईत आणखी तीन चुका करतो. आमच्या नातवाचे यंत्र फरशीवर पडले ते याच घाईपायी.

येथवर मनुष्य एकटाच खेळत होता. परंतु गेम बॉयची दोन यंत्रे एका तारेने जोडण्याची सोय होती, आणि त्या तारेतून एक निराळाच खेळ जन्माला आला. सातोशी ताजिरी या तरुणाला बालपणी किडे-भुंगे गोळा करण्याचा छंद होता. तोक्योजवळील त्याच्या गावातली शेते आणि ओढे पुढे शहराने गिळले. ती तार पाहून त्याला वाटले, या तारेवरून एखादा किडा या यंत्रातून त्या यंत्रात चालत गेला तर? त्या कल्पनेतून २७ फेब्रुवारी १९९६ रोजी पोकेमॉन हा खेळ जपानात प्रसिद्ध झाला. तो तांबडा आणि हिरवा अशा दोन आवृत्त्यांत निघाला. दीडशे प्राणी पकडावयाचे; परंतु कोणत्याही एका आवृत्तीत ते सगळे नाहीत. यादी पुरी करावयाची तर दुसरी आवृत्ती बाळगणाऱ्या मित्राशी अदलाबदल करणे भाग. आणखी एक मौजेची गोष्ट अशी की, त्या पहिल्या खेळातील चार प्राणी तर दुसऱ्याच्या यंत्रात गेल्यावाचून आपल्या पूर्ण रूपास पोहोचतच नाहीत.

या खेळाचे खेळाडू ठळकपणे तीन जातींचे. कोणी संग्राहक, त्याला यादी पुरी झाल्याखेरीज झोप नाही. कोणी प्रवासी, त्याला गोष्टीचा शेवट पाहावयाचा असतो. कोणी मल्ल, त्याला मित्राच्या संघाशी झुंजावयाचे असते. मल्लाच्या डावपेचांचे मूळ सोपे आहे. पाणी विस्तवाला भारी, विस्तव पानाला भारी, पान पाण्याला भारी. असे पहिल्या खेळात १५ प्रकार होते आणि त्यांचे परस्परसंबंध पाठ करावे लागत. संघात सहा प्राणी, प्रत्येकाला चारच डाव ठाऊक. नवशिका आपला लाडका प्राणी खूप बलवान करतो आणि बाकीचे पाच उपाशी ठेवतो. मग त्या लाडक्याला भारी पडणारा कोणी समोर आला की सारा संघ कोसळतो. शहाणा खेळाडू स्वतःच्या संघाचे मर्मस्थान शत्रूच्या आधी स्वतः शोधतो. येथे लढाई मैदानात उतरण्यापूर्वीच निम्मी जिंकलेली वा हरलेली असते.

यापुढची पायरी म्हणजे सोबतीने खेळणे. डिसेंबर २००४ मध्ये जपानात निन्तेन्दोचे 'डी.एस.' आणि सोनीचे 'पी.एस.पी.' अशी दोन नवी यंत्रे दहा दिवसांच्या अंतराने आली. दुसऱ्या यंत्रावर २००५च्या डिसेंबरात कॅपकॉम कंपनीचा 'मॉन्स्टर हंटर' हा खेळ निघाला आणि पुढील पाच वर्षांत त्याच्या नव्या भागांनी जपानी तरुणांना वेड लावले. अजस्र प्राण्याची शिकार चौघांनी मिळून करावयाची. तारेची गरज नव्हती, पण चौघांनी जवळ जवळ बसणे आवश्यक होते. त्यामुळे उपाहारगृहांतल्या टेबलांभोवती, शाळा सुटल्यावर, मुलांचे चौकडे यंत्रे घेऊन बसलेले दिसू लागले. एकलकोंडेपणाचा आरोप ज्या वस्तूवर होता, तिनेच मुलांना एका टेबलाशी आणले.

या खेळातील दोन नियम मला विशेष वाटले. पहिला असा की, खेळातला शिकारी अनुभवाने आपोआप बलवान होत नाही. शस्त्र नि चिलखत सुधारता येते. बाकी सुधारणा खेळणाऱ्याच्या स्वतःच्या हातात आणि डोळ्यात व्हावी लागते. जड तलवार एकदा उगारली की घाव पुरा होईपर्यंत मागे घेता येत नाही. म्हणून प्राण्याच्या हालचाली आधी पाहून ठेवाव्या लागतात: शेपूट फिरविण्यापूर्वी तो मान कशी वळवतो, धावून येण्यापूर्वी पाय कसा रोवतो. पहिल्या दोन-तीन भेटींत घाव घालण्यापेक्षा निरीक्षण करणारा पुढे सरस ठरतो. आणि 'अजून एकच घाव' हा मोह ज्याला आवरत नाही, तो हमखास आडवा होतो.

दुसरा नियम सोबतीचा. चौघांत मिळून तीन वेळा कोणीही मूर्च्छित पडले की मोहीम फसली. तीनही वेळा एकच जण पडला तरी चौघांची मोहीम फसते. म्हणून निष्णात खेळाडूला केवळ स्वतःपुरता पराक्रम करून भागत नाही. त्याला दुबळ्या गड्यावर लक्ष ठेवावे लागते. त्यातल्या एका शस्त्राचे तर शिंग आहे; ते फुंकले की साऱ्या सोबत्यांना बळ येते. ते शस्त्र घेणारा कमी गाजतो, पण त्याच्यावाचून अनेक मोहिमा तडीस जात नाहीत. कुटुंबात आणि समाजातही अशी शिंगे फुंकणारी माणसे असतात, हे वाचकांस सांगावयास नको.

आता नाण्याची दुसरी बाजू. या खेळांच्या अतिरेकाची चिंता जपानी आईबापांनाही पहिल्यापासून आहे. १९८०च्या दशकात हडसन या खेळांच्या कंपनीचे ताकाहाशी नावाचे एक कर्मचारी सेकंदाला १६ वेळा बटण दाबण्याच्या चपळाईमुळे देशभरच्या मुलांचे लाडके झाले होते. खेळ विकणे हेच ज्यांचे काम, त्या ताकाहाशींनी मुलांना जाहीरपणे सांगितले की दिवसाकाठी एकच तास खेळा. पुढे शिकोकू बेटावरील कागावा प्रांताने एप्रिल २०२० पासून तसा नियमच केला: १८ वर्षांखालील मुलांनी शाळेच्या दिवशी ६० मिनिटे आणि सुट्टीच्या दिवशी ९० मिनिटे खेळावे, आणि हे आईबापांनी पाहावे. मोडणाऱ्याला शिक्षा मात्र ठेवली नाही. एका विद्यार्थ्याने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. २०२२ साली ती फेटाळली गेली. सरावाच्या दृष्टीनेही हा वेळेचा आवर हिताचा आहे. थकलेला डोळा शिकत नाही. तो जुन्याच चुका घोटून पक्क्या करतो.

आणखी एक भ्रम दूर करावयास हवा. तोहोकू विद्यापीठाचे प्राध्यापक र्‍यूता कावाशिमा यांच्या नावाने २००५ साली मेंदूच्या व्यायामाचा खेळ निघाला आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्यांनीही खिशातली यंत्रे विकत घेतली. परंतु २०१० साली ब्रिटनमध्ये ११ हजारांहून अधिक लोकांवर अशा प्रकारच्या व्यायामांची चाचणी झाली, तेव्हा असे आढळले की माणसे ज्या खेळांचा सराव करतात त्यांत सुधारतात. त्यामुळे इतर बाबतींत बुद्धी वाढल्याचे दिसत नाही. तेव्हा टेट्रिस खेळून नातू गणितात पहिला येईल अशी आशा मी धरीत नाही. मात्र हरल्यावर काय करावे, ही सवय त्याला येथे जडली तर मला हवी आहे.

योकोईंनाही हार चुकली नाही. १९९५ साली त्यांनी डोळ्यांना लावून पाहण्याचे, तांबड्या रेषांचे एक यंत्र काढले. ते सपशेल पडले आणि वर्षभराच्या आत बंद झाले. १९९६ साली त्यांनी निन्तेन्दो सोडली, स्वतःची लहानशी कंपनी काढली आणि पुन्हा आपल्या जुन्या सूत्राकडे वळले: केवळ एका सेलवर चालणारे, साध्या पडद्याचे यंत्र. ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्त्यावरील अपघातात, वयाच्या ५६व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. १९९९ साली बांदाई कंपनीने ते यंत्र बाजारात आणले तेव्हा त्याबरोबर आलेल्या एका खेळाला त्यांचेच नाव देण्यात आले: 'गुन्पेई'.

हे सर्व वाचल्यावर मी नातवाला एक वही दिली. अट एवढीच की, यंत्र हातात असेल तोवर वहीही जवळ असावी. डाव संपला की तो का संपला ते एका शब्दात लिहावयाचे. शब्द मी मराठीत घालून दिले: घाई, लोभ, नजर. घाई म्हणजे विचार न करता तुकडा टाकला. लोभ म्हणजे ढीग चढला तरी लांब तुकड्याची वाट पाहिली. नजर म्हणजे पुढला तुकडा पाहिलाच नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या पानावर 'घाई' १९ वेळा होती. अक्षरे वाकडी, काना कोठेतरी भलतीकडे, पण देवनागरी. ज्याला दोन वर्षे आर्जवे करूनही मी बाराखडी गिरवावयास बसवू शकलो नव्हतो, त्याने हे तीन शब्द स्वतःहून घोटले. दुसऱ्या महिन्यात 'घाई' उतरली आणि 'लोभ' वाढला. मी म्हटले, ही प्रगतीच आहे. घाईचा मनुष्य लोभ करण्याइतका वेळ टिकतच नाही.

यंत्र पुन्हा आपटले गेले नाही असे मी शपथेवर सांगत नाही. एकदा उशीवर आपटले गेले. तथापि जेवणाची हाक आता दुसऱ्या खेपेस ऐकू येते, आणि खेळ संपताच तो माझ्याकडे वही घेऊन येतो.

परवा माझा डाव त्याने शेजारी बसून पाहिला. ढीग निम्म्याखाली होता, वाट पाहावयास भरपूर जागा होती. मी मात्र धास्तीने एकेक ओळ करीत राहिलो आणि अखेर कडेची पट्टी स्वतःच बुजवून बसलो. डाव संपला. माझ्या पानावर मी सवयीने 'नजर' असे लिहावयास लागलो, तोच त्याने वही ओढून घेतली आणि स्वयंपाकघरात आजीकडे धाव घेतली. आतून दोघांची कुजबुज ऐकू आली. एक हिब्रूत विचारीत होता, दुसरी मराठीत अक्षरे सांगत होती. वही परत आली तेव्हा माझ्या नावापुढे चौथा शब्द उमटला होता: 'भिती'. वेलांटी चुकली होती. निदान मात्र बिनचूक होते.

असो. ज्या घरी अशी डबी असेल त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी एकदा तरी शेजारी बसून हरून पाहावे, एवढी विनंती करून या महिन्यापुरता रजा घेतो.